भिंतीकडची पानं

“दूध! आधी दूध बघ, मग मला!”

मी मागच्या दारातून धावत अंगणात आले, तर आत्याबाई अंगणाच्या मधोमध वाकलेल्या. एका हातात खराटा, दुसरा हात गुडघ्यावर आणि तोंड जमिनीकडे. त्या अवस्थेतही त्यांना स्वयंपाकघरातून दूध उतू चालल्याचा वास आला होता, आणि त्या अवस्थेतही हुकूम सोडणं काही थांबलं नव्हतं.

“अहो, पण तुम्ही अशा का उभ्या?”

“हौस आली म्हणून! सरळ होता येईना गं बाई, कंबर धरली. जा, स्टोव्ह बंद कर आधी.”

दूध उतरवून मी परत आले. आमच्या गडहिंग्लजकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वाकलेल्या सासूला हात कुठं लावायचा, ओढायचं की ढकलायचं, हे काही माहेरी कुणी शिकवलेलं नव्हतं. मी नुसतीच त्यांच्याभोवती फिरत राहिले.

ओट्यावरून मामंजींचा आवाज आला, “काय झालं? गाडी बंद पडली का?”

मामंजी एसटीत कंट्रोलर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून स्टँडवरचंच. कानही थोडे गेलेले, त्यामुळे घरातल्या घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. ते आले, त्यांच्या मागून डोळे चोळत आमचे हे आले, आणि दोघांनी मिळून आत्याबाईंना उचललं.

“हळू! मी काय ज्वारीचं पोतं आहे?”

“पोतं बरं, बोलत तरी नाही,” मामंजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी पाहिला ना.

डॉक्टर आले, सुई टोचली, आठ दिवस झोपून राहायला सांगितलं. आणि त्यानंतरही खाली वाकायचं नाही, झाडलोट तर बिलकूल नाही, असं बजावून गेले. डॉक्टर फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच मामंजी अंगणात जाऊन उभे राहिले आणि वर बघत म्हणाले, “बास झालं. हे झाड जाणार.”

झाड म्हणजे आमच्या अंगणातला बदाम. काजू-बदामातला नव्हे, रस्त्याकडेला असतो तो देशी. पसरलेल्या फांद्या आणि तळहातापेक्षा मोठी पानं. पौष संपत आला की ती पानं लाल होतात, आणि मग जी पडायला लागतात ती फाल्गुनापर्यंत थांबत नाहीत; एरवीही रोज मूठभर पडतातच. तुम्ही झाडून अंगणाच्या टोकाला गेलात आणि मागं वळून बघितलंत, की चार पानं पडलेलीच. गेल्या कित्येक वर्षांत ती सगळी आत्याबाईंनी एकटीनं झाडली होती. भल्या पहाटे, सडा घालायच्या आधी. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी खराट्याला हात घातला, तर त्यांनी काढूनच घेतला. म्हणाल्या, “तू चहाचं बघ. अंगण माझं.”

मला वाटलं, केवढी मायाळू सासू मिळाली!

आता तुम्हाला हेही सांगायला हवं, की झाड तोडणं मामंजींना सोपं नव्हतं. त्या बदामाची एक फांदी भिंतीवरून पलीकडे शिरगावे मास्तरांच्या अंगणात गेलेली. आठ वर्षांपूर्वी मास्तर म्हणाले होते, तुमची पानं तुम्ही उचला, नाहीतर झाड तोडा. मामंजी म्हणाले, पान तुमच्या अंगणात पडलं की तुमचं, आणि झाड तर मी मेल्यावरसुद्धा तुटणार नाही. एवढ्यावरून बोलाचाली बंद. दोन घरांत छातीएवढ्या उंचीची एक भिंत, पण हळदीकुंकवाचं बोलावणं नाही की मेल्यागेल्याची विचारपूस नाही. बायकांनाही सक्त ताकीद. असा हा माणूस, आठ वर्षं धरून ठेवलेला हट्ट सोडून मास्तरांना जिंकू द्यायला निघाला होता.

पण मला त्या झाडाची गरज होती. आमची खोली मागच्या बाजूला, वर पत्रे. बदामाची सावली त्या पत्र्यावर पडायची म्हणून चैत्र-वैशाखात तिथं बसून माझं शिवणाचं मशीन चालायचं. झाड गेलं असतं तर दुपारी त्या खोलीत मशीनसकट मीही भाजून निघाले असते.

“मामंजी, झाड नका तोडू,” मी म्हटलं. नव्या सुनेनं मध्ये बोलायची ती पहिलीच वेळ. “पानांचा बंदोबस्त मी करते. आत्याबाईंना वाकायला लागणार नाही असं करते.”

“कसं करणार?”

“ते करते मी काहीतरी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शिमग्यापर्यंत मुदत. अंगण स्वच्छ राहिलं तर ठीक. नाही राहिलं, तर यंदा होळीला लाकडं आपल्या घरची.”

दुसऱ्या दिवसापासून अंगण मी झाडायला लागले. एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. भिंतीजवळ गेले की पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. मास्तरांच्या बाईही त्याच वेळी त्यांच्या बाजूची पानं झाडत असायच्या. आधी बारीक खोकला, मग मोठा खोकला, मग खराटा भिंतीवर दोनदा आपटल्याचा आवाज. मी गप्प. बोलायला बंदीच होती ना!

चहा देताना मी आत्याबाईंना म्हटलं, “मास्तरीणबाईंना खोकला झालाय बघा जबरदस्त.”

आत्याबाई पडल्या जागी ताडकन मान वळवून म्हणाल्या, “खोकला? सुका का ओला?”

“आता ते मी कसं सांगू?”

“काही म्हणाली का?”

“कोण?”

“कोण नाही. चहात साखर टाक, अळणी झालाय.”

मला कळेना, चहा अळणी कसा होतो? पण दुखण्यातलं माणूस, म्हणून मी विचारलं नाही.

आठ दिवसांनी त्या उठून बसल्या तोवर मी पहिली युक्ती तयार ठेवली होती. एका सरळ, हलक्या बांबूला खराटा घट्ट बांधला. उभ्यानं झाडायचं, वाकायचं कामच नाही. आत्याबाईंनी तो हातात घेतला, खालीवर केला, “छान आहे हो, डोकं आहे तुला,” म्हणाल्या आणि मागच्या दाराच्या खुंटीला अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर जुना आखूड खराटा घेऊन भिंतीपाशी पुन्हा वाकलेल्या, आणि पानांशी पुटपुट चाललेली.

ही पुटपुट माझ्या ओळखीची होती. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी स्वयंपाकघरातून ऐकत होते. स्टोव्हच्या भर्र आवाजात शब्द कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. कधी तक्रार केल्यासारखा, कधी हसल्यासारखा. बाई पानांशी बोलते! मामंजी तिकडे ओट्यावर रेडिओ मोठा करून बसलेले. तेही मधूनच म्हणायचे, “चालली बघ हिची कुरकुर.” मला वाईट वाटायचं. म्हटलं, एवढी वर्षं झाडून झाडून हिचा जीव विटलाय, म्हणून पानांना शिव्या घालते.

मी त्यांना हाताला धरून घरात आणलं. “आत्याबाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? लांब दांडा दिलाय ना मी?”

“त्यानं नीट निघत नाहीत.”

“एकदा तरी करून बघा.”

“बघीन, बघीन,” त्या म्हणाल्या आणि विषय संपवला.

मग मी दुसरी युक्ती काढली, आणि ती मात्र माहेरची. आमचं माहेर शेतकऱ्याचं. खळ्यावर मळणी करताना दाणा मातीत जाऊ नये म्हणून खाली तळवट अंथरतात, म्हणजे रिकामी पोती उसवून एकमेकांना जोडून केलेलं भलंमोठं अंथरूण. मला वाटलं, दाण्याला चालतं तर पानाला का नाही? ह्यांना सांगून खताची रिकामी पोती आणवली. दाभण आणि सुतळी घेऊन बसले. दोन दिवसांत अख्ख्या अंगणाला पुरेल एवढं तळवट तयार झालं. बोटांना फोड आले, पण मन असं खुशीत होतं की विचारू नका.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी झाडाखाली तळवट अंथरलं. रात्रभर पानं त्याच्यावर पडली. सकाळी चार टोकं एकत्र धरली, फरफटत मागच्या खताच्या खड्ड्यापाशी नेलं आणि उलटं केलं. झालं काम! खराटा नाही, वाकणं नाही, चहाला आधण येईपर्यंत अंगण लख्ख.

मामंजी ओट्यावरून उतरून बघायला आले. खड्ड्यापर्यंत गेले, परत आले. “गाडी वेळेवर सुटली म्हणायची,” म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं. “आता हिला काही करायला नको. बसू दे निवांत.”

आत्याबाई निवांत बसल्या खऱ्या, पण निवांत दिसेनात. पहाटे उठायच्या, दारात यायच्या, स्वच्छ अंगणाकडे बघायच्या आणि परत जाऊन बसायच्या. भाकरी अर्धीच खायच्या. एकदा सांगितलेलं त्यांच्या कानात शिरायचं नाही. मी कपाळाला तेल चोळून दिलं, कंबर शेकली. विचारलं, “दुखतंय का फार?”

“नाही गं.”

“मग काय होतंय?”

“काही नाही. रिकामं रिकामं वाटतं,” म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, म्हातारपण.

चार-पाच दिवसांनी अंगणात पुन्हा पानं दिसायला लागली. तळवटावर नव्हे, भिंतीच्या कडेला, जिथं तळवट जेमतेम पोचत होतं तिथं. मी दोन पोती आणखी जोडली. तर सकाळी तळवटाची भिंतीकडची कड मागं दुमडलेली! मी तळवट उचलायला येण्याआधीच तिथं भिंतीपाशी वाफा घातल्यासारखी ओळीनं पानं, आणि आत्याबाई खराटा घेऊन म्हणताहेत, “राहिली बघ इथली. आणते मी झाडून, तू जा.”

“वाऱ्यानं येत असतील,” मी म्हटलं.

“कसला वारा?” मामंजी गरजले. “झाडाचं पान हलत नाही. हे त्या मास्तराचं काम! स्वतःच्या अंगणातली गोळा करतो आणि भिंतीवरून इकडे टाकतो.”

“तसं नसेल हो,” आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या.

“तू त्याची बाजू घेऊ नकोस!”

मी त्यातलं एक पान उचलून बघितलं. खालून ओलं, आणि त्याला चहाचा चोथा चिकटलेला. म्हटलं, चहा तर मास्तरांकडेही होत असणार. दुसरं उचललं. त्याला निळ्या खणाची बारीकशी कातरण चिकटलेली. तो खण गेल्या बुधवारी मी कापला होता! म्हणजे ही पानं पलीकडची नव्हती. आमच्याच खड्ड्यातून निघून, चालत चालत भिंतीपाशी आली होती.

मी कुणाला काही बोलले नाही. बोलायला सवडही मिळाली नाही, कारण त्या संध्याकाळी मामंजी बाहेरून आले ते निकाल लावूनच आले. “गणपाला सांगून आलोय. उद्या सकाळी कुऱ्हाड घेऊन येतो. मास्तराला पानंच टाकायची आहेत ना? बघू उद्यापासून कुठल्या झाडाची टाकतो!”

“पण शिमग्यापर्यंत मुदत दिलीत ना मला?” मी म्हटलं.

“गाडी रद्द,” मामंजी म्हणाले.

आत्याबाई ताटावरून तशाच उठल्या.

सकाळी तांबडं फुटायच्या आधी मला जाग आली. मागचं दार उघडं होतं. मी आवाज न करता दारात उभी राहिले. बघते तर आत्याबाई कमरेवर पाटी घेऊन खड्ड्याकडून येताहेत. भिंतीपाशी आल्या, पाटीत हात घातला आणि पेरणी केल्यासारखी पानं टाकत निघाल्या. इथं मूठभर, तिथं मूठभर. नीट बघायच्या, कुठं कमी पडली तर अजून टाकायच्या. मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर हसूच फुटलं असतं.

मग पलीकडून बारीक खोकला आला.

“हौशे, आलीस का गं?”

“थांब सोने. पानं तर टाकू दे.”

दोन्ही बाजूंनी खराटे वाजायला लागले. मी जागच्या जागी थिजले. त्या घरात आत्याबाईंना हौशे म्हणणारं कुणी नव्हतं. मामंजी ‘अगं’ म्हणायचे, गल्ली ‘काकू’ म्हणायची. आणि आत्याबाईंचा तो आवाजही मी कधी ऐकला नव्हता. लहान मुलीचा वाटत होता.

“कंबर कशी हाय?”

“हाय तशीच. सून लई चांगली मिळालीया, तिनंच माझी वाट लावली.”

“म्हंजे गं?”

“एक पान खाली ठेवंना! पान न्हाई तर खराटा घेऊन कशाला यायचं भिंतीला? लांब दांड्याचा खराटा दिला तिनं. त्यानं उभं ऱ्हायलं की तुझ्या मास्तरला माझं डोस्कं दिसतंय आन् आमच्या ह्यांना तोंड हललेलं दिसतंय. वाकून बरं होतं. पानांसंगं बोलतीया वाटायचं.”

पलीकडची हसली. मग म्हणाली, “पेरणोलीला आपल्या तळ्याकडच्या आंब्याला लई मोहर आलाय म्हणं. भाचा सांगत हुता.”

“आपण चढायचो त्यो?”

“तू चढायचीस. मी खाली पदर धरून उभी.”

दोघी एका गावच्या होत्या! पेरणोलीच्या. एका आंब्याखाली वाढल्या, आणि नशिबानं एका भिंतीच्या दोन बाजूंना नांदायला आल्या. आठ वर्षं त्या पानांकडे बघून एकमेकींशी बोलत होत्या, आणि मी शहाणी रोज ती पानं उचलून खड्ड्यात टाकत होते.

“सोने,” आत्याबाई म्हणाल्या, “आजचं शेवटचंच समज. गणपा येणार हाय. झाडच तोडत्यात.”

पलीकडचा खराटा थांबला. “मग आपुन?”

“मग काय. कुणाच्या लग्नात दिसलो तर लांबनं बघायचं.”

“आगं मग सांग की त्यांना, पानं तू टाकत्यास म्हणून!”

“आन् कशापायी टाकत्ये, ते काय सांगू? तोंड उघडलं तर हेबी बंद हुईल, म्हणून गप बसले. आता झाडबी चाललं.”

माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एक पाऊल पुढं टाकलं, आणि नेमकं पायाखाली पान आलं. बदामाचं पान म्हणजे पापडच. असं वाजलं, की आत्याबाई दचकून वळायला गेल्या आणि “आई गं!” म्हणून जिथल्या तिथं वाकलेल्याच राहिल्या.

“हौशे!” पलीकडची किंचाळली, आणि भिंतीवर पदर घेतलेलं डोकं वर आलं. “काय झालं गं? हौशे! बोल की!”

आता हे मामंजींच्या कानांनाही ऐकू जाण्यासारखं होतं. ते आले. आले ते थबकलेच. मध्ये वाकलेली बायको, पायाशी पानांची पाटी, बाजूला मी रडवेली आणि भिंतीवर शिरगावे मास्तरांची बायको.

“हौशे कोण?” त्यांनी विचारलं.

“मी,” आत्याबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

“ही पाटी कुणाची?”

“माझी. पानं मी टाकत होते. मास्तरांचा काही दोष नाही.”

“तू? कशाला?”

आणि मग आत्याबाईंनी सगळं सांगितलं. सरळ होता येत नव्हतं म्हणून जमिनीकडे बघूनच सांगितलं. पेरणोली, आंबा, आठ वर्षं, आखूड खराटा, सगळं. मामंजी ऐकत होते. ऐकू येईना म्हणून जवळ आले, तरी तोंड दिसेना म्हणून शेवटी धोतर सावरत तिथंच पानांत उकिडवे बसले आणि खालून बायकोच्या तोंडाकडे बघायला लागले. मी त्यांना असं बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

“म्हणजे रोज सकाळची ती कुरकुर?”

“कुरकुर कसली! गप्पा मारत होते.”

“आणि मी समजत होतो, हिला पानांचा ताप होतोय. माझ्या हट्टापायी हिची कंबर मोडली. म्हणून म्हटलं, जाऊ दे, जिंकू दे त्या मास्तराला, तोडू झाड!”

“मास्तरांसाठी तोडत होतात?”

“तुझ्यासाठी!” मामंजी स्टँडवरच्या आवाजात ओरडले. “तुझ्यासाठी, दुसऱ्या कुणासाठी?”

सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. आत्याबाई वाकल्या वाकल्या लाजल्या. कानापर्यंत लाल झाल्या, मी शपथेवर सांगते.

भिंतीवरून सोनामावशी म्हणाल्या, “दाजी, नका तोडू झाड. आमच्या अंगणात पडल्याली मी झाडीन. कधी बोलणार न्हाई पानांवरनं.”

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. आठ वर्षांत त्या घरातून मामंजींशी कुणी शब्द बोललं नव्हतं, आणि बोललं ते एकदम नात्यानंच. मामंजी उठले. घसा साफ केला. 

एवढ्यात पलीकडच्या ओट्यावर बंडी घातलेले, तोंडात दंतमंजन भरलेले मास्तर आले. “काय चाललंय तिथं?”

सोनामावशींनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. “तुम्ही चहाचं आधण ठेवा,” म्हणाल्या. मास्तर आत गेले.

आणि फाटकात सायकल टेकवून खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला गणपा उभा. “काका, कुठनं सुरुवात करू?”

“चहापासून कर,” मामंजी म्हणाले. “आधी हिला उचलू लाग.”

आत्याबाईंची कंबर पुन्हा आठवडाभर धरून राहिली. या खेपेला सकाळी भिंतीपाशी खोकला आला की मीच जाऊन सांगायचे, “मावशी, आज आत्याबाई बऱ्या आहेत, भाकरी पूर्ण खाल्ली.” मामंजी आणि मास्तर मात्र लगेच गळ्यात गळे घालायला लागले, असं काही झालं नाही. दोघं पुरुष ते! एकमेकांकडे बघून माना हलवण्यापर्यंत यायलाच त्यांना पुढचा पावसाळा लागला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी मशीनवर बसले होते. खोलीत सावली होती, वर पत्र्यावर पानं टपटपत होती. मामंजी दारात आले.

“तुझं ते तळवट घेऊन ये. कात्रीही आण.”

मी मशीन थांबवलं. म्हटलं, आता मामंजींच्या मनात काय आलं? अंगणात गेलो. त्यांनी स्वतः तळवट झाडाखाली पसरलं, टोकं ताणली, मुदतीचा दिवस आल्यावर माल तपासावा तसं चारी बाजूंनी फिरून बघितलं.

“काम पक्कं आहे तुझं,” म्हणाले. “फक्त भिंतीच्या बाजूनं कमी कर.”

“कमी? मग तिथली पानं खालीच पडतील, मामंजी.”

“पडू देत.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते झाडाकडे बघत होते. “किती कमी करू?”

“दोन हात पुरे.”

मी कात्री लावली. तेवढ्यात मागच्या खुंटीवरून काहीतरी काढल्याचा आवाज झाला. आत्याबाई बाहेर आल्या, हातात मी केलेला लांब दांड्याचा खराटा. आमच्याकडे न बघता भिंतीपाशी गेल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि हाक मारली, “सोने!”

पलीकडून डोकं वर आलं. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ नुसतं बघितलंच. मग सोनामावशी म्हणाल्या, “आगं, तुझं केस किती पांढरं झालं!” आणि दोघी अशा हसायला लागल्या, की आत्याबाईंना खराट्याचा आधार घ्यावा लागला.

मामंजी ऐकत उभे होते. मग माझ्या हातातल्या कात्रीकडे बघून हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, म्हणाले, “अडीच कर.”